आधी तारीख सांगा

"नाव राहू द्या. आधी तारीख सांगा." समोर बसलेल्या माणसाला आमचे सर पहिलं हेच विचारायचे. तारीख म्हणजे व्हिसा संपायची. ती कळेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे.

इंग्लंडातल्या मिल्टन कीन्समध्ये एका सलूनच्या वर त्यांचं सॉलिसिटरचं ऑफिस होतं. दोनच खोल्या. मी तिथे लोकांचे अर्ज भरायचे. सर मूळचे अकोल्याचे, आणि कायम धास्तावलेले. पत्र पेटीत टाकल्यावर ते आत पडलं का, म्हणून फटीतून डोकावणारा माणूस हा!

असा माणूस खासदारकीला उभा राहिला. प्रचाराला दार वाजवायचे आणि त्याच घरात अर्धा तास कुणाची तरी कागदपत्रं तपासत बसायचे. कार्यकर्ते बाहेर वैतागलेले. तरी निवडून आले की हो! हार घालायला आलेल्या जोडप्याला त्यांनी काय विचारलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

ऑफिस मग भागीदाराने सांभाळलं, पण पार्लमेंटमधून सरांचा रोज संध्याकाळी फोन असायचाच. एका सोमवारी म्हणाले, "तुझी स्वतःची मुदत कधीपर्यंत गं?"

"महिनाअखेर, सर. पितृपंधरवडा संपला की भरते."

दुसऱ्यांचे अर्ज त्या पंधरवड्यात मी खुशाल भरत होते. स्वतःच्या वेळी मात्र आईचा शब्द मोडवेना.

"बघून सांग."

बघितलं आणि रडूच फुटलं. मुदत त्याच दिवशी संपत होती.

"रडू नकोस. लॅपटॉप उघड. मी आहे फोनवर."

अर्ज अर्ध्यावर आला आणि पलीकडे सभागृहातल्या मतदानाची घंटा वाजायला लागली.

"सर, जा ना तुम्ही!"

"गप्प बस. पासपोर्टचा नंबर परत वाच."

अर्ज गेला. त्यांचं मतदान चुकलं. पक्षाच्या लोकांनी चांगलंच झापलं म्हणे.

उत्तर यायला महिने लागले. "आला का गं मेल?" माझ्यापेक्षा त्यांचाच जीव टांगणीला. आणि ऐन थंडीत एका सकाळी हार्ट अटॅकने गेलेच हो ते.

अंत्यविधीच्या हॉलमध्ये मी मागच्या रांगेत होते, तेव्हा मेल आला. मंजूर. काही सुचायच्या आत सवयीने त्यांचाच नंबर लावला गेला, आणि पहिल्या रांगेत काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, पर्समध्ये फोन वाजला. सगळे चमकून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी फोनवरचं माझं नाव वाचलं, मागे वळल्या. "झालं?"

मी कशीबशी मान हलवली.

काकू उठल्या आणि शवपेटीवर वाकून म्हणाल्या, "अहो, आलं बरं का तिचं."