कडेला उभ्या पेशी

मधुमेही उंदराच्या स्वादुपिंडाचा पातळ काप आज सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. मधोमध इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींचं फिकट गुलाबी बेट होतं आणि त्याच्या कडेनं जांभळ्या ठिपक्यांसारख्या पेशींचा वेढा. या बाहेरून आलेल्या नाहीत, शरीराच्याच राखणदार आहेत. लगेच काही करतही नाहीत. कितीतरी दिवस नुसत्या कडेला उभ्या राहतात, सोबतीला आल्यासारख्या. मग कधीतरी आत शिरतात आणि बेट संपवून टाकतात.

मेधा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. या प्रयोगशाळेत आम्ही दोघी एकदमच लागलो, डबाही एकत्रच खातो. उंदराच्या शेपटीतून रक्त काढताना अलीकडे माझा हात थरथरतो, हे मी फक्त तिला सांगितलं होतं. "मी आहे ना," ती म्हणाली होती.

काल मॅडमनी बोलावलं. "उद्यापासून सुईचं काम मेधा बघेल. तुमच्या हाताचं कळलं मला. तुम्ही आता स्लाइडच बघा."

बाहेरचा जंतू शिरला तर अंगात ताप तरी भरतो. आपलंच माणूस आत शिरताना साधी कणकणही जाणवत नाही.

मी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. तेवढ्यात मेधा चहा घेऊन आली.

"रागावलीस?"

"नाही," म्हटलं आणि कप जवळ ओढला. हात हलला तरी सांडू नये म्हणून तिनं तो अर्धाच भरला होता.