वही घेऊन बसणारी बाई

मंडळी, आमच्या गणपतीच्या नाटकाच्या तालमीला तीन दिवस एक म्हातारी आफ्रिकन बाई मागे बसून वहीत काहीतरी लिहीत होती. कॅम्पसवरचा हॉल आम्ही स्टडी ग्रुपच्या नावाखाली बुक केलाय. ही कम्प्लेंट करणार, असा सगळ्यांनाच डाऊट!

आज मी विचारलंच. ती हसली. "संशयाची सवय आहे मला. आमच्या देशात बाईनं लिहिलेलं पहिलं नाटक माझं. लोक म्हणाले, नवऱ्यानंच लिहून दिलं असणार."

मग तिनं वही उघडली. "भाषा कळत नाही, पण ही मुलगी पाच वेळा स्टेजवर येते, आणि पाचही वेळा चहाच का आणते?"

ती मुलगी मी करतेय. आणि यार, नाटक लिहिलंयही मीच!

आता डाऊट माझ्यावरच आहे. तुमच्या नाटकात चहा कोण आणतं?