पंप तिच्या खिशात

शनिवारी दुपारी दवाखाना बंद झाला की मागच्या खोलीत मी दम्याच्या मुलांना पंप घ्यायला शिकवायची. नव्वदीची सुरुवात होती. डोंबिवलीतल्या त्या लहानशा दवाखान्यात मी एकटीच नर्स. आठवडाभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे.

शिकवायचं ते एवढंसंच. पंप हलवायचा, श्वास सोडायचा, पंपाभोवती ओठ मिटून तो दाबता दाबता श्वास आत ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. मुलं आठवड्यात विसरायची. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायची. पण मुलांपेक्षा मोठ्यांनीच जास्त दमवलं मला.

शेजारच्या दिवा गावातून नऊ वर्षांची एक मुलगी आजीबरोबर यायची. पंप आजीच्या कमरेच्या पिशवीत, गाठ मारून ठेवलेला. पोरगी धापा टाकायला लागली तरी आजीला वाटेल तेव्हाच तो बाहेर यायचा.

"याची सवय लागली तर? उद्या लगीन कोन करंल हिच्याशी?" आजी म्हणायची.

एकदा माझा तोल गेला. "आजी, दम तिला लागतो ना? मग पंप तिच्याजवळ द्या!"

त्यानंतर महिनाभर दोघी फिरकल्या नाहीत. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज नंतर वाटली.

मग एका शनिवारी आल्या. आजीनंच सांगितलं. भावकीतल्या लग्नात फटाक्यांचा धूर झाला आणि पोरीचा श्वास अडकला. भोवती बायका जमल्या. कुणी पाठ चोळत होतं, कुणी कांदा हुंगवत होतं. आजीला घाईत पिशवीची गाठ सुटेना. पोरीनं पिशवीच ओढून घेतली, दातांनी गाठ सोडली, ताठ बसून पंप घेतला.

"मी बोलाया गेले, तर बोट दाखवून मला गप केलंन! मनात आकडे मोजत व्हती."

आजीनं तिच्या फ्रॉकला आतून खिसा शिवला होता. पंप आता त्यात असायचा.

त्या दिवशी नव्या मुलांना त्या पोरीनंच शिकवलं. माझ्यापेक्षा कडक होती. मी भिंतीला डोकं टेकून स्टुलावर बसले, आणि डोळा कधी लागला कळलंच नाही. जाग आली तेव्हा मुलं गेली होती. आजी समोर उभी.

"जेवलीस का गं?"

सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं पिशवीतून तांदळाची भाकरी काढून हातावर ठेवली. मी तिथंच स्टुलावर बसून खाल्ली.