नाव गाळलेली विधवा

कुंदा यवतमाळच्या नोकरदार घरातली. मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि एका संस्थेच्या पाहणीवर लागली. २००६ साल होतं, कपाशीनं जिल्ह्याचं कंबरडं मोडलं होतं. नवऱ्यानं जीव दिल्यावर मागे उरलेल्या बायकांच्या मनात काय चाललंय, ते विचारत ती गावोगाव फिरायची. कुणालाही बोलतं करण्यात तिचा हातखंडा होता. त्याचा तिला तोराही होता, आणि तोच नडला.

राळेगावकडच्या एका खेड्यात विमलताई भेटल्या. शिवणयंत्रावर पोट भरणाऱ्या. कुंदानं रीतीप्रमाणे सांगितलं, "तुमचं नाव कुठे येणार नाही." ताईंनी संमतीपत्रावर सही केली, बेताची उत्तरं दिली. कुंदानं पेन पिशवीत टाकलं, चहा आला, आणि मग कुठे ताई लेकीशी बोलावं तशा बोलल्या.

"कुंदा, खरं सांगू काय तुले? थे गेले तवापासून मले झोप लागून राह्यली. आता कोनी हात उचलत नाही."

हे पाहणीसाठी नव्हतंच. पण असं वाक्य पुन्हा कुठलं मिळायला! परतीच्या एसटीत कुंदानं ते जसंच्या तसं उतरवलं. ताईंना विचारायला हवं होतं, हे तिला तेव्हाही कळत होतं.

पाहणीची पुस्तिका निघाली. संस्थेनं त्याच गावात कार्यक्रम ठेवला आणि ताईंचं ते वाक्य असलेलं पान कुंदानंच मोठ्या झोकात वाचलं. नाव गाळलेलं, फक्त 'शिवणकाम करणारी विधवा'. अख्ख्या गावात शिवणयंत्र एकच, हे त्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही. माना ताईंकडे वळल्या. त्यांचे सासरे पुंडलिकराव भर सभेतून उठून गेले. नवरा मेल्यावर सुखानं झोपणारी बाई म्हणून गावभर बोभाटा झाला, शिवायला कपडे येणं थांबलं.

महिन्याभरानं कुंदा माफी मागायला गेली. आतल्या खोलीत पुंडलिकराव खोकत होते.

"बसा, मॅडम," ताई म्हणाल्या. लेकीची मॅडम झाली होती.

कुंदाला रडू फुटलं. "ताई, माझं चुकलं हो. शिव्या द्या मला, पण काहीतरी बोला."

ताईंनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि तिकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्याईची लय याद येते, मॅडम. रातभर झोप नाही लागत."