गायरीतला हात

शेणाला इतका मान देणारी आणि माणसाला इतका कमी मान देणारी बाई माझ्या बायकोच्या आत्येखेरीज या भूतलावर दुसरी नसावी. लग्नानंतर पहिल्यांदा कुणकेश्वरजवळच्या सासुरवाडीला गेलो, तेव्हा बाकीच्यांनी जावई म्हणून माझ्यापुढे तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे आणि नारळाचा रस ठेवला. आत्येने माझं मनगट धरलं, मला परसातल्या गायरीवर, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यावर नेलं आणि नव्या सदऱ्याची बाही वर सारून माझा हात कोपरापर्यंत आत खुपसला. मी किंचाळलो. "भाजला?" ती प्रसन्न होऊन म्हणाली, "मगे जावयबापू, ह्या अजून कच्चा आसा!" त्या दिवशी शिरवाळे मी डाव्या हाताने खाल्ले.

खत आतून गार झाल्याशिवाय मातीत जाता कामा नये, एवढंच तिचं शास्त्र. गावात कातळावर वीतभर माती. ती एकदा बिघडली की खाली नुसता दगड, हे ती येणाऱ्याजाणाऱ्याला न विचारता सांगायची. चार-पाच वर्षांपूर्वी गावाच्या वेशीवर साठेक म्हशींचा गोठा झाला. म्हशी सिमेंटवर उभ्या राहून दिवसभर पेंड आणि मीठ खायच्या आणि मागे शेणाचा डोंगर वाढायचा. मालकाने ते ताजं शेण फुकट वाटायला काढलं. गाव खूश. पहिलीच ट्रॉली निघाली आणि तिच्यापुढे आत्ये, पदर खोचून.

"मुळां भाजतली, हुमणीची कीड माततली, नि मीठ मातयेत ऱ्हवतला. माझ्या अंगावरसून गाडी घाला!"

"शेण माझा, म्हशी माझ्यो, तुझा काय जाता?" मालक ओरडला.

"म्हशी तुझ्यो. माती तुझी नाय."

ती भर उन्हात दुपारपर्यंत तिथेच उभी राहिली. शेवटी मालक कंटाळला. तेव्हापासून ते शेण पालापाचोळ्यात घालून वर्षभर उलथापालथ करतात, आणि आत्येने हात घालून "गार" म्हटल्याशिवाय टोपली हलत नाही. एकदा शेतीखात्याचे एक साहेब लांबलचक थर्मामीटर घेऊन आले होते. त्याचं आणि आत्येच्या हाताचं उत्तर एकच आलं. तिने थर्मामीटरकडे कौतुकाने पाहिलं. "बरो आसा," म्हणाली, "शिकतलो हळूहळू."

गेल्या वैशाखात मी तिथेच होतो. पेरणी तोंडावर आलेली, ट्रॉल्या रांगेत, सगळ्यांना घाई. आत्येने डोळे मिटून ढिगात हात घातला, बराच वेळ ठेवला आणि बाहेर काढला. "गार आसा. भरा." लोकांनी फावडी उचलली. तिची गंमत करावी म्हणून मीही हात घातला आणि झटक्यात मागे ओढला. आत विस्तव होता. आत्येचा पंजा लालबुंद झाला होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. साखरेचा आजार तिला कित्येक वर्षं होता, आणि त्याने हात बधिर झाला होता. त्याची औषधं ती डॉक्टरला बरं वाटावं म्हणून अधूनमधून घेत असे.

गप्प बसावं तर सगळ्या गावाच्या मातीत कच्चं खत जाणार. बोलावं तर जिच्या शब्दावर गाव चालत होता, ती सगळ्यांदेखत खोटी पडणार. मी तिच्या कानाशी लागलो. "आत्ये, गरम आहे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की आता ही मला ढिगातच पुरते असं वाटलं. मग तिने माझा भाजलेला हात पाहिला, आपला पाहिला आणि पदर खोचून ट्रॉलीच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"गाड्यो परत फिरवा! माझो हात चुकलो. ता मातयेन कित्याक भोगूचा? सगळा परत उलथा. गार झाल्याबिगर एक टोपली हलाक देवचंय नाय!"

कोणीतरी "जावंदे गे, वय झाला" म्हणालं. त्याला तिने जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. ट्रॉल्या रिकाम्या परत गेल्या.

दुपारी पडवीत मी तिच्या तळव्याला खोबरेल लावत बसलो होतो. एरवी तिने मला हात लावू दिला नसता. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी मान खाली घातली होती. ती म्हणाली, "कितपत गरम होता ओ?"

"चुलीवरून नुकत्याच उतरलेल्या पेजेच्या टोपाएवढं."

ती तळव्याकडे पाहत राहिली.

"व्हय," ती हळूच म्हणाली, "तसाच लागता."