चाचांच्या अ‍ॅम्प्लिफायरचा पॉट

माझी जीभ तेव्हा लई चालायची. डिप्लोमा नुकताच झाला होता. चिकलठाण्याच्या एका लहानशा कारखान्यात तीन महिन्यांच्या बोलीवर लागले होते आणि हर्सूलला भाड्याच्या खोलीत एकटी राहत होते. वडील सिल्लोडला. त्यांनी साफ सांगितलं होतं, "नोकरी पक्की झाली तर ऱ्हा, नायतर गुमान घरी ये. स्थळं थांबायची नायत." तीन महिने संपायला आठवडा उरला होता.

कारखान्यात आम्ही मोटरची कॉइल गुंडाळायचं मशीन बनवत होतो. त्याचा वेग मायक्रोकंट्रोलर सांभाळायचा. ही चिप तेव्हा आमच्याकडं इतकी नवलाईची, की साहेब ती स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवायचे. वेग कमीजास्त करायला एक फिरवायचं बटण होतं, त्याच्या पोटात पॉट, म्हणजे दांडी फिरवली की विजेचा रोध कमीजास्त करणारा पार्ट. वाळूजचं गिऱ्हाईक मशीन बघायला येणार, त्याच्या आदल्या दिवशी माझ्याच हातून त्या पॉटची दांडी मोडली. आणि शहर बंद! विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याची ती शेवटची वर्षं. कधी ह्यांचा बंद, कधी त्यांचा. औरंगपुऱ्यातली पार्टची सगळी दुकानं कुलूपबंद होती.

माझ्या खोलीच्या शेजारी एक चाचा राहायचे, लाउडस्पीकर भाड्यानं देणारे; घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान. नामांतराच्या कितीतरी सभा त्यांच्या माइकवर झाल्या होत्या. एका सभेत दगडफेक झाली आणि त्यांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर कायमचा बंद पडला. तो त्यांनी फडक्यात बांधून ठेवला होता, कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी ते फडकं सोडलं, आवाज कमीजास्त करायचा पॉट काढला आणि माझ्यापुढं धरला. मी दोन टोकांना मीटर लावलं. दहा किलोओहम, मोडलेल्याइतकाच. माझ्या लेखी विषय संपला.

"दांडी मधी ठेवून मोजलं का, बेटी?" चाचांनी विचारलं.

"चाचा, मी डिप्लोमा केलाय," मी म्हणाले. हे असं, तोंडावर. ते नुसते हसले आणि पॉट कागदात गुंडाळून दिला.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर माझी पुरती शोभा झाली. बटण अर्ध्यापर्यंत फिरवलं तरी मशीन रखडतच चाललेलं. जरा पुढं नेलं, की सुसाट. तार तटकन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. उद्या सकाळी परत येतो म्हणून गिऱ्हाईक निघून गेलं. साहेब तुटलेली तार स्वतःच वेचत बसले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी पॉट काढून घेतला आणि सायकल हाणत हर्सूलला आले. चाचांनी काही सुनावलं तर ऐकून घ्यायचं, असं वाटेत मनाशी ठरवलं होतं. त्यांनी आधी पाणी दिलं. मग मीटरची एक तार पॉटच्या टोकाच्या पायाला, दुसरी मधल्या पायाला लावली आणि दांडी बरोबर अर्ध्यावर आणली. पाच हजार ओहम दिसायला हवे होते. काटा हजार-बाराशेवरच थांबला.

"हा कानासाठी बनवलेला असतो," चाचा म्हणाले. "बारीक आवाजातला फरक कानाला लगेच कळतो, मोठ्यातला कळत नाय. म्हणून हा आधी थोडा थोडा वाढतो आन् मागून एकदम. दुसरा असतो तो सारखा वाढतो. तुला तो लागत होता. दिसायला दोघं सारखेच."

"आता दुसरा कुठून आणू?"

"कशाला आणतीस? कानाला मला शिकवता येत नाय. तुझी चिप तर शिकती ना?"

मी वही काढली. त्यांनी दांडीभोवती पुठ्ठा बसवून अकरा खुणा केल्या. एकेका खुणेवर थांबून ते आकडा वाचत गेले आणि मी लिहीत गेले. संध्याकाळी कारखान्यात परतून मी पॉट पुन्हा बसवला आणि तोच तक्ता चिपमध्ये घातला: पॉटकडून अमुक आकडा आला, की दांडी अमुक खुणेवर आहे असं समज. सकाळी गिऱ्हाइकानं स्वतः बटण फिरवलं. वेग सारखा वाढत गेला, शेवटपर्यंत. तार तुटली नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर साहेबांनी विचारलं, "ही तक्त्याची युक्ती कुणाची?"

"माझी," मी म्हणाले.

भ्याले होते. माइकवाल्यानं शिकवलं म्हटलं, तर मला कशाला ठेवतील, असं वाटलं. आठवड्यानं पक्कं झाल्याचं पत्र हातात पडलं. पेढे घेऊन मी आधी चाचांकडं गेले. पेढा तोंडात टाकून ते दुकानात बसलेल्या लोकांना सांगायला लागले, "ह्या पोरीनं चिपला मोजायला शिकवलं बघा. आपल्याला जिंदगीत सुचलं नसतं." मला वाटलं, चेष्टा चाललीय. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चेष्टा नव्हती, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी तिथंही गप्प बसले. पुढं आयुष्यभर त्या नोकरीचं खाल्लं, आपल्या मनानं लग्न केलं, स्वतःचं घर बांधलं. ते सगळं चाचांनी दिलं, असं मी आज मानते, पण हे ऐकायला ते राहिले नाहीत. तुम्हीही राहिला नाहीत, साहेब. पण तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगते: युक्ती चाचांची होती.