टवका

माझी थोरली वहिनी सत्तरीला पोहोचल्यावर मातीकाम शिकायला गेली. ऐकणाऱ्याला कौतुक वाटतं. या वयात असा छंद हवा, असं लोक म्हणतात. पण वहिनी छंद म्हणून गेली नव्हती. मी लिहून बघतो. मला लिहायची सवय नाही, तेव्हा कुठे गडबड झाली तर सांभाळून घ्या.

वहिनी उभा जन्म कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. कापडाचे थर एकावर एक लावायचे, वर खडूनं आखायचं आणि कापायचं. तिथली शिवणयंत्रं माझा भाऊ दुरुस्त करायचा. दोघंही बोलायला कमी आणि हाताला चोख. आता भाऊ विसरत चालला आहे. आधी किल्ल्या विसरला, मग रस्ते, मग मला. मी घरात शिरलो की तो वहिनीला विचारतो, "पाहुणे कधी आले?" सुरुवातीला लागायचं. आता मीच "आत्ताच आलो" म्हणतो आणि खुर्ची ओढून बसतो.

त्याला ओळखू येत होता तो फक्त त्याचा कप. जाड, तपकिरी, मोठ्या कानाचा. चहा, पाणी, औषध, सगळं त्यातूनच. एका सकाळी धुताना तो वहिनीच्या साबणाच्या हातातून निसटला आणि फुटला. दुसऱ्या कशातूनही दिलं की भाऊ तोंड फिरवायचा. "हा माझा नाही. ज्याचा त्याला द्या." स्टीलचा पेला झाला, काचेचा झाला, बाजारातून आणलेला तसाच तपकिरी कपही झाला. प्रत्येक वेळी तेच उत्तर. तुकडे चिकटवले, तर कप सांध्यांतून गळायला लागला. मग वहिनी चमच्यानं पाणी पाजू लागली. त्यातलं निम्मं हनुवटीवरून सदऱ्यात जायचं.

डॉक्टर म्हणाले, "पाणी पोटात गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ती ओढून काढणार, मग त्यांचे हात बांधावे लागतील. आधीच सांगून ठेवतो."

वहिनीनं मान हलवली आणि त्यांना चहा विचारला.

आमच्या मागच्या गल्लीत एका गॅरेजमध्ये मातीकामाचा वर्ग चालतो. शिकवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात. आवाज खणखणीत, कोपरापर्यंत माती. कोपऱ्यात विजेची भट्टी, लहान कपाटाएवढी. वहिनीला एकटं जायला संकोच वाटत होता, म्हणून सोबत मीही नाव घातलं. तेवढा वेळ शेजारीण भावाजवळ बसायची.

"चाकावर कप जमायला महिने लागतात हं, काकू," ताई म्हणाल्या.

"महिने नाहीत माझ्याकडे," वहिनी म्हणाली. "चाकाशिवाय होत नाही का?"

होत होतं. माती लाटायची, पट्टी कापायची, गुंडाळून जोडायची. वहिनीनं चिकटवलेल्या कपावर कागद गुंडाळला आणि बेतला. त्या बेतानं माती कापली आणि बाही जोडावी तसा जोड दिला. ताई बघतच राहिल्या. माझ्या वाटीकडेही त्यांनी पाहिलं.

"काका, ही वाटी आहे की पंक्चर काढलेली ट्यूब?"

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो. खरंच ठरलं नव्हतं.

भट्टी भरल्याशिवाय पेटवत नाहीत, आणि पेटवली की गार होईपर्यंत दार उघडायचं नाही. घाईनं उघडलं तर गार वाऱ्यानं भांडी तडकतात. एकदा कच्ची आणि एकदा झिलई लावून, अशा दोन्ही भाजण्या होऊन वहिनीचा कप हातात आला, तर तो लहान. जुन्या कपाशेजारी ठेवला, तर बापाशेजारी पोर उभं राहावं तसा.

"माती आटते ना, काकू! वाळताना आटते, भाजताना आटते. पहिल्याच दिवशी नव्हतं का सांगितलं?"

सांगितलं होतं. वहिनीनं कप फिरवून पाहिला. "कोरं कापड पाण्यातून काढल्याशिवाय मी कधी कात्री लावली नाही," ती म्हणाली. "हाताखालच्या पोरींना त्यावरून किती बोलायची मी." एवढंच म्हणाली आणि नवी माती घेतली. घरी तो लहान कप भावापुढे धरलाच. "बाहुलीचा आहे," भाऊ म्हणाला. ते बरोबरच होतं.

दुसरा बेत तिनं वाढवून कापला. मधल्या दिवसांत भावाचे ओठ फुटले, बोलणं जड झालं. डॉक्टर येऊन गेले. सोमवारी नळी घालू म्हणाले. भट्टी शनिवारी उघडणार होती. त्या दिवशी वहिनी भट्टीच्या दाराशी स्टुलावर बसून होती, मांडीवर हात ठेवून. "जरा उघडून बघू का?" मी विचारलं. "नको, भावजी," ती म्हणाली.

कप निघाला तो हुबेहूब. तोच रंग, तीच उंची, कानात तीच बोटं मावतील असा. कुठे डाग नाही, तडा नाही. ताईंनी तो सगळ्यांना दाखवला.

घरी आल्यावर वहिनीनं त्यात चहा ओतला आणि भावाच्या हातात दिला. त्यानं कप घेतला. पण त्यानं तो तोंडाला लावला नाही. अंगठा काठावरून फिरवला. एक फेरा, दुसरा फेरा. थांबला, परत उलटा फिरवला. मग कप खाली ठेवला.

"माझा नाही," तो म्हणाला.

मी वहिनीकडे पाहिलं नाही. पंखा फिरत होता, तो पाहिला. आता सोमवार, एवढंच डोक्यात होतं.

वहिनीनं फळीवरचा चिकटवलेला कप काढला. त्याच्या काठाला कानाजवळ एक टवका उडालेला होता. तो फुटताना उडाला, कचऱ्यात गेला, असं आम्ही धरून चाललो होतो. तिनं त्यावरून बोट फिरवलं. टवक्याच्या कडा गुळगुळीत होत्या.

"हा जुना आहे," ती म्हणाली. "ह्यांनीच झिजवलाय. अंगठा इथं असतो ह्यांचा. मी रोज धुतला, आणि कधी बघितलं नाही."

तिनं कात्रीला धार लावायचा दगड आणला. नव्या कपातला चहा ओतून टाकला आणि जुना कप समोर ठेवून नव्याचा काठ घासायला बसली.

"वहिनी, फुटेल हो," मी म्हणालो. "परत भट्टी कधी भरायची?"

"मग नाही घासला तर काय, ओवाळायचाय?"

मी कप धरून बसलो, ती घासत राहिली. दगड ओला करायची, घासायची, बोट लावून बघायची. तपकिरी झिलई गेली, आतली फिकी माती दिसली. शेवटी तिनं धूळ धुतली, तिथं स्वतःचा ओठ लावून पाहिला आणि पुन्हा चहा ओतला.

भावाचा अंगठा काठावरून निघाला आणि टवक्यापाशी थांबला. तो चहा प्याला. सगळा. मग माझ्याकडे कपानं खूण करून म्हणाला, "पाहुण्यांना दिला का?"

वहिनीनं मला त्या लहान कपात दिला.

सोमवारी डॉक्टर नळी न घालताच गेले. वहिनी वर्गाला पुन्हा आली. तिनं तसेच दोन कप केले आणि माती ओली असतानाच काठावर कानाजवळ अंगठा दाबला.

"अहो काकू, काठ बिघडला की!" ताई म्हणाल्या.

"असू दे."

"दोन्हींचा?"

"हातातून निसटतं हो," वहिनी म्हणाली आणि दोन्ही कप वाळायला फळीवर ठेवले.